तीन नंबरची प्रत

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेलिग्रामवरच्या खेळाडूंच्या एका गटात एक फोटो पडला, आणि दहाच्या आत हॅम्बर्गच्या एका गेम कंपनीतल्या एकूण एक माणसानं तो पाहिला. फोटो एका कागदाचा होता. काळसर लाकडी टेबलावर ठेवलेलं अख्खं पान, चारी कडा दिसतील असं. वर ‘गोपनीय’ असा शिक्का, मध्ये कराराचा मसुदा, आणि तळाशी कोपऱ्यात बारीकसा ३ हा आकडा.

मसुदा होता ब्रेंडलर या स्टुटगार्टच्या कंपनीबरोबरचा. ब्रेंडलर शर्यतीच्या गाड्यांची चाकं बनवते. त्या चाकांच्या प्रतिकृती आता गेममध्ये मिळणार होत्या. जो घेईल त्याची मालकी ब्लॉकचेनवर कायमची नोंदली जाणार होती. हा सौदा कंपनीला तारणार, असं दोन महिने सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं.

दुपारी बिझनेस डेव्हलपमेंटचा प्रमुख गौरांग मोहोळकर मालकाच्या खोलीतून पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. बातमी फुटली म्हणून ब्रेंडलरनं अंग काढून घेतलं होतं.

मंगळवारी ऊर्मिला सबनीसच्या टेबलावर लिफाफा आला. ऊर्मिला गेम तपासणारी टेस्टर. वीस वर्षं तेच काम. पूर्वी हा स्टुडिओ लहान मुलांसाठी आकड्यांची कोडी बनवायचा. तीन वर्षांपूर्वी हेनिंग लोरेन्त्सेन नावाच्या माणसानं तो विकत घेतला, कोडी बंद केली आणि ब्लॉकचेन सुरू केलं. जुन्यापैकी दोनच गोष्टी उरल्या: ऊर्मिलासारखी सात-आठ माणसं, आणि बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती. या देशात त्या समितीला विचारल्याशिवाय कुणाला तडकाफडकी काढता येत नाही. ऊर्मिला समितीची अध्यक्ष होती.

लिफाफ्यातल्या पत्रात लिहिलं होतं, की मसुद्याच्या तीनच छापील प्रती वाटल्या होत्या. एक हेनिंगची, दोन मुख्य डेव्हलपर वासुदेव बर्व्यांची, तीन कम्युनिटी मॅनेजर क्षितिजा घोलप हिची. फुटलेल्या पानावर ३ आहे. सबब क्षितिजाला विनानोटीस काढण्यात येत आहे. समितीला काही म्हणायचं असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं.

गप्प राहिलं तर कायद्यानं त्याचा अर्थ होकार. तीन दिवस होते.

२

क्षितिजा अठ्ठावीस वर्षांची. संगमनेरची, केमनित्सला शिकलेली. ती चहाच्या खोलीत रिकामा कप हातात धरून बसली होती.

“ताई, माझं ब्लू कार्ड, इथे राहायचा परवाना, या नोकरीवर आहे. गेली तर नवी शोधायला तीन महिने. आणि असं काढलेल्या माणसाला तीन महिन्यांत कोण घेणार?”

“रड नंतर. आधी सांग, प्रत तुझ्या हातात कधी आली?”

“शुक्रवारी, अकराच्या मीटिंगमध्ये. गौरांग लिफाफा घेऊन आला. मेलवर काही पाठवायचं नाही म्हणाला, गळती होते. दारातच सेक्रेटरी फ्राऊ पेटरसननं लिफाफा घेतला, बाजूला जाऊन फायली केल्या आणि एकेकाला दिल्या.”

“गौरांग तेव्हा कुठे होता?”

“लॅपटॉप जोडत होता. पाठ होती आमच्याकडे. आल्झो, म्हणजे बघा, त्याचं कायम प्रोजेक्टरशी भांडण असतं.”

“आणि तुझी फाईल?”

“माझ्या कपाटात. मी नीट वाचलीसुद्धा नाही.” तिनं फाईल आणली. आतली चारही पानं फाईलच्या पोलादी आकड्यांत ओवलेली होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी ३.

ऊर्मिलानं फाईल ताब्यात घेतली. “कपाटाला कुलूप?”

“नसतं. इथे कोण चोरणार आहे? इथे खरं असं आहेच काय?”

“म्हणजे?”

क्षितिजानं आवाज खाली आणला. “आपण चाळीस हजार खेळाडू सांगतो ना? त्यातली जिवंत माणसं सहाशे. बाकीचे फोन आहेत. कुठल्याशा गोदामात रॅकवर लावलेले, रात्रंदिवस स्वतःशीच खेळणारे. गौरांगनं आणले ते. मी रोज त्यांना ‘सुप्रभात, मित्रांनो’ लिहिते. तेही उलट सुप्रभात म्हणतात.”

ऊर्मिलाला शिसारी आली. आठ महिने ती ज्यांच्यासाठी गेममधल्या चुका काढत होती, ते रॅकवरचे फोन होते.

“हे हेनिंगला माहीत आहे?”

“गेनाऊ, अगदी तेच मी विचारलं होतं,” क्षितिजा म्हणाली. “तर तो म्हणाला, प्रश्न विचारणं हे तुझ्या कामात बसत नाही. ते गौरांगच्या समोर म्हणाला. मागच्याच आठवड्यात.”

३

गौरांगच्या खोलीत टरबुजाचा वास असायचा. तो दिवसभर गोड वासाची वाफ ओढायचा, आणि तो वास खुर्चीच्या कापडात, पडद्यात, त्याच्याशी बोलून आलेल्या माणसाच्या केसांत मुरायचा. भिंतीवर पन्नासेक कंपन्यांची बोधचिन्हं लावलेली होती. वर पाटी: ‘आमचे भागीदार’. ऊर्मिलानं एकदा मोजून पाहिलं होतं. त्यांतल्या एकतीस कंपन्या बंद पडल्या होत्या.

“या, ऊर्मिलाताई! बसा. तुम्ही येणार हे ठाऊक होतं. आपल्या माणसाला वाचवायला आपलंच माणूस येतं.”

“तू कोणाचा माणूस आहेस, गौरांग?”

“मी सगळ्यांचा,” तो हसला. “ताई, मला त्या पोरीचं फार वाईट वाटतं हो. मीच तिला निवडलं होतं. पण आपला धंदा विश्वासाचा. ब्रेंडलरचे डॉक्टर फोग्ट म्हणाले, मोहोळकर, तुमच्या घरातच भोक आहे.”

“मी बोलू शकते त्यांच्याशी?”

“नाही ना! गोपनीयतेचा करार आहे. आता तर ते वकिलामार्फतच बोलणार. हेनिंगलाही मी फोन करू दिला नाही.”

“तुझी त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली?”

हा प्रश्न त्याला आवडला. तो खुर्चीत मागे रेलला. “एकोणीस जून, गुरुवार. पहाटेच्या गाडीनं निघालो. गाडीत कॉफी सांडली, अख्खा शर्ट खराब! आता फोग्टसमोर तसा जाऊ? स्टुटगार्टला उतरलो, स्टेशनसमोरच्या रस्त्यावर गेलो, दुकान उघडल्या उघडल्या हा पांढरा शर्ट घेतला. ट्रायल रूममध्येच बदलला. बाराला ब्रेंडलर. त्यांच्या कँटीनमध्ये जेवलो, तीनशे माणसं होती, बसायला जागा नाही. फोग्ट म्हणाले, शर्ट झकास आहे. तिथेच सौदा झाला, ताई. शर्टावर!”

हा किस्सा त्यानं सगळ्या कंपनीसमोरही सांगितला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नव्या मुलांना तो शिकवायचा, की आकडे कुणी लक्षात ठेवत नाही, शर्ट लक्षात राहतो.

“या प्रती कुणी छापल्या?”

“मी. माझ्या घरी, शुक्रवारी सकाळी. ऑफिसच्या प्रिंटरवर माझा विश्वास नाही.” त्यानं वाफ सोडली. “ताई, एक सांगू? फार खोलात जाऊ नका. तुमची निवृत्ती जवळ आली. ही कंपनी बुडाली तर साठीच्या टेस्टरला कोण विचारतं?”

ऊर्मिला उठली. टरबुजाचा वास तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आला.

४

वासुदेव बर्वे कंपनीतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तुसडा माणूस. गौरांगशी त्यानं चार महिने बोलणं टाकलं होतं.

“मला संशयित समजून आलीस की समिती म्हणून?” त्यानं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

“तूच सांग. तुला हा सौदा मोडलेला हवा होता?”

“अर्थात. चाकांचं चित्र लोकांना विकायचं आणि त्याला मालकी म्हणायचं, याची मला किळस येते. पण मी फोडलं असतं तर क्षितिजाचा नंबर कशाला ठेवला असता? माझं भांडण तिच्याशी नाही.”

“गौरांगचा नंबर घालता आला असता?”

“त्याच्या प्रतीला नंबरच नव्हता. मूळ फाईल त्याच्याकडे. त्याला हव्या त्या नंबरची हवी तेवढी पानं काढता येतात.” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. “पण तो स्वतःचाच सौदा का मोडेल? त्याला या जूनपर्यंत एक तरी मोठं नाव आणायचं होतं. नाहीतर त्याची खुर्ची गेली असती. तिथेच माझंही डोकं थांबतं.”

ऊर्मिलाचंही तिथेच थांबलं.

बुधवारी तिनं गौरांगची नोकऱ्यांची यादी काढली. ती इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशी, त्यानंच लावलेली. पुण्यात ऑनलाइन क्लासेस विकले. दुबईत क्रिप्टोची खाती. बर्लिनमध्ये मांजरांची डिजिटल चित्रं. मग हॅम्बर्ग. प्रत्येक ठिकाणी चौदा-पंधरा महिने आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं पद. जिथून तो गेला ती कंपनी एकतर मेली होती किंवा मरायला टेकली होती. तो मात्र फुगत चालला होता.

बर्लिनच्या कंपनीतल्या जुन्या लोकांत एक मराठी नाव सापडलं. स्वरूपा दाभाडे. ऊर्मिलानं फोन लावला, ओळख सांगितली आणि विचारलं, “गौरांग तिथे असताना एखादा मोठा सौदा फुटला होता का हो?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“फुटला होता ना. एका मोठ्या खेळणी कंपनीबरोबरचा. घोषणेच्या आठवडाभर आधी,” स्वरूपा म्हणाली.

“कुणी फोडला ते सापडलं?”

“सापडलं म्हणजे काय! तडकाफडकी काढलं तिला.” ती कोरडं हसली. “मीच ती.”

५

गुरुवारी सकाळी ऊर्मिलानं फोटो छापून घेतला आणि क्षितिजाची फाईल त्याच्या शेजारी ठेवली. टेस्टर ज्या पद्धतीनं दोन पडदे शेजारी ठेवून पाहतो, तसं. तोच मजकूर, तोच शिक्का, तोच आकडा. कड न् कड ती बोटानं तपासत गेली. डाव्या समासावर बोट थांबलं.

ती तडक फ्राऊ पेटरसनकडे गेली. ही बाई या कंपनीत तीस वर्षं होती, ब्लॉकचेन काय ते तिला आजही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

“शुक्रवारी लिफाफा तुम्ही उघडलात?”

“मीच. बंद होता, चिकटवलेला.”

“आणि मग?”

“मग काय? पंच केलं, फाईलला लावलं, दिलं.” बाईंनी टेबलावरचं पंचिंग मशीन असं थोपटलं, जसं कुणी मांजर थोपटेल. “सुटा कागद माझ्या हातून कुणाला जात नाही. त्या मोहोळकरला कितीदा सांगितलं, बाबा, पंच करून आणत जा. तो म्हणतो, कागद मेला. मेला तर आणतोस कशाला?”

संध्याकाळी, उजेड असताना, नवऱ्याचा फोन आला. चंद्रशेखर स्टुटगार्टला एका गाड्यांच्या कंपनीत कंत्राटी इंजिनिअर होते आणि पंधरवड्याला घरी यायचे.

“अगं, या शनिवारी येत नाही, काम आहे. मागच्या महिन्यासारखे सलग चार दिवस आता थेट शरदात मिळतील.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं लक्ष फाईलकडे होतं. मग तिनं फाईल मिटली. “अहो, ते चार दिवस… तुम्ही घरी होतात आणि मी ऑफिसला जात होते. कुठल्या तारखा होत्या त्या?”

त्यांनी सांगितल्या. तिनं पेन उचललं.

६

शुक्रवारी दहा वाजता हेनिंगच्या खोलीत चौघं होती. हेनिंग, गौरांग, क्षितिजा आणि ऊर्मिला. हेनिंगनं घड्याळ पाहिलं. “लवकर आटपू या.”

“आटपू,” ऊर्मिला म्हणाली आणि दोन पानं टेबलावर ठेवली. “हे क्षितिजाचं पान. डावीकडे पंचची दोन भोकं. हा फुटलेल्या पानाचा फोटो. चारी कडा दिसतात. भोकं नाहीत. फ्राऊ पेटरसननं तिन्ही प्रती पंच करूनच हातात दिल्या. म्हणजे फोटोतलं पान कधीही वाटलं गेलेलं नाही. ते लिफाफ्याबाहेरच राहिलं, छापणाऱ्याकडे. आणि छापणारा एकटा गौरांग.”

हेनिंगनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

गौरांग मात्र हसला. “ताई, काय हे! फोटोतली भोकं पुसायला दोन मिनिटं लागतात. शाळेतली पोरं करतात.”

“करतात. मग मला सांग, फोडणारीनं फोटोतली भोकं पुसली, आणि जिच्यामुळे ती पकडली जाणार तो स्वतःचा नंबर तसाच ठेवला?”

गौरांगनं खुर्ची पुढे ओढली. मग त्याला वाट सापडली. “ठीक. मग तुम्ही मला सांगा. दोन महिने मर मर मरून आणलेला सौदा मी का मोडेन?”

“मोडायला सौदा असावा लागतो.”

हेनिंगनं मान वर केली.

“एकोणीस जूनला तू स्टुटगार्टमध्ये दुकान उघडल्या उघडल्या शर्ट घेतलास,” ऊर्मिला शांतपणे म्हणाली. “कँटीनमध्ये तीनशे माणसं होती. गौरांग, त्या दिवशी फ्रोनलाइखनाम होता. कॅथलिकांचा सण. हॅम्बर्गमध्ये त्याची सुट्टी नसते, तू इथे कामाचा दिवस पाहिलास आणि तीच तारीख ठोकून दिलीस. पण तिकडे दक्षिणेत ती सरकारी सुट्टी. दुकानं बंद, कारखाने बंद, कार्यालयं बंद. माझा नवरा तिथे नोकरी करतो. तो त्या गुरुवारी इथे घरात बसून सायकल दुरुस्त करत होता, कारण तिकडे सगळं बंद होतं.”

ऊर्मिलानं पुढे होऊन क्षितिजाचं पान उचललं.

“तू गेलाच नाहीस. फोग्ट नाही, मसुदा नाही. जूनपर्यंत मोठं नाव आणायचं होतं, तेव्हा नाव आणलंस. मग ते खरं करून दाखवायची वेळ आली. सौदा झाला नाही म्हणायचं, तर खुर्ची जाते. पण सौदा झाला होता आणि कुणीतरी घालवला म्हटलं, तर तू बिचारा. वर बळी कुणाचा, तर जी रॅकवरच्या फोनांबद्दल विचारू लागली होती तिचा. बर्लिनमध्ये असाच स्वरूपा दाभाडेचा दिलास. माझी माहिती चुकीची असेल तर हेनिंग, तो फोन उचला आणि ब्रेंडलरला लावा.”

हेनिंगनं फोनकडे पाहिलं. मग हळूच, दोन बोटांनी, तो स्वतःपासून लांब सरकवला.

गौरांग ते पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख टॉवेलनं पुसावं तसं गेलं. “हेनिंग, तुला गुंतवणूकदारांना दाखवायला नाव हवं होतं,” तो म्हणाला. “मी आणलं. तू कधी विचारलंस का, फोग्टचा नंबर दे म्हणून? एकदा तरी?”

हेनिंग ऊर्मिलाकडे वळला.

“हे अजून कुणाकुणाला माहीत आहे?” त्यानं विचारलं.

तिला वाटलं होतं की तिची किळस गौरांगपाशी संपेल. ती किळस पुढे हेनिंगपर्यंत गेली.

७

समितीनं लेखी नकार दिला. बाराच्या आत हेनिंगनं क्षितिजाला काढण्याचं पत्र मागे घेतलं. गौरांगनं ‘नव्या संधींसाठी’ राजीनामा दिला. त्याला उत्तम प्रशस्तिपत्र मिळालं आणि पुढच्याच आठवड्यात दक्षिणेतल्या उंटरश्लाइसहाइम गावच्या एका कंपनीत आधीपेक्षा मोठं पद. ऊर्मिलानं स्वरूपाला फोन करून तिचा वकील कोण ते विचारलं आणि सगळे कागद त्याच्याकडे पाठवून दिले. तेवढंच तिच्या हातात होतं.

मग समितीकडे दुसरा अर्ज आला. बिझनेस डेव्हलपमेंटच्या प्रमुखपदी क्षितिजा घोलप यांची नेमणूक, संमती द्यावी.

क्षितिजा स्वतःच तो घेऊन आली.

“तू हो म्हणालीस?”

“माझी जुनी जागा ते बंद करतायत, ताई. एक तर ही, नाहीतर दार. तुम्ही मला वाचवलंत ते परत जाण्यासाठी?”

ऊर्मिलानं अर्ज वाचला. नकार द्यायला कायद्यात एकही कारण नव्हतं.

“आणि हे बघता?” क्षितिजानं दुसरा कागद पुढे केला. खेळाडूंसाठीचं निवेदन. “मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही. ब्रेंडलरचं नाव काढलं. चाळीस हजार काढलं, ‘मोठा परिवार’ केलं. चूक दिसली तर दाखवा, आत्ता काढते.”

ऊर्मिलानं निवेदन वाचलं, परत वाचलं. एका ओळीवर तिनं पेन टेकवलं. ‘दक्षिण जर्मनीतल्या नामवंत उद्योगांशी आमची बोलणी सुरू आहेत.’

“ही?”

“सुरू आहेत ना. आज सकाळीच तिघांना मेल टाकलेत.”

“उत्तर आलं?”

“बोलणी पूर्ण झाली असं कुठे म्हटलंय मी?”

ती हे चेष्टेनं म्हणत नव्हती. तिचा चेहरा प्रामाणिक होता, परीक्षेला नीट अभ्यास करून बसलेल्या मुलीसारखा. ऊर्मिलानं ओळीवरचं पेन उचललं, अर्जावर सही केली आणि दोन्ही कागद तिला परत दिले.

“थँक्यू, ताई. तुम्ही होतात म्हणून.”

“जाताना दार ओढून घे,” ऊर्मिला म्हणाली.